रात्री कूस कोण बदलतं?

पॅडवर चारच्या रकान्यात बरोबरची खूण होती. माझ्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

आत्याच्या खाटेच्या पायाशी ते पॅड सुतळीने टांगलेलं असे. वर छापलेलं 'पोझिशन चार्ट', खाली दोन-दोन तासांचे रकाने आणि प्रत्येकापुढे उजवी, डावी, उताणी. एकोणीस दिवस मी तो कागद रोज बघत होते आणि रोज मला बरं वाटत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा तो वाचला. सगळ्या खुणा एकाच निळ्या पेनाच्या, एकाच वळणाच्या. जशी रात्री दोनची तशीच दुपारी दोनची. दिवसाच्या मावश्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या, पण लिहिणारा हात एकच. मी आत्याच्या खांद्याखाली हात घालून तिला कुशीवर घेतलं. माकडहाडावर जुन्या रुपयाएवढा जांभळा डाग पडला होता आणि मधोमध कातडी सोलवटली होती.

मी तीस वर्षं वार्तांकन केलं आहे. महापालिकेच्या अंदाजपत्रकांतल्या पळवाटा शोधल्या, चौकशी अहवालांतली खाडाखोड उजेडात धरून वाचली. घरच्या माणसाच्या खाटेला टांगलेल्या कागदाकडे मात्र देव्हाऱ्यातल्या तसबिरीकडे बघावं तशी बघत राहिले.

आत्या गणिताची शिक्षिका. लग्न केलं नाही. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत एकटी राहिली, आणि एक्याऐंशीव्या वर्षी न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया उत्तम झाली असं सगळे डॉक्टर म्हणाले, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. आधीच सुरू झालेला विसर हॉस्पिटलातल्या तीन आठवड्यांत दुप्पट झाला. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भाऊ टोरांटोला. ब्युरोकडून चोवीस तासांची बाई ठेवली, चार महिन्यांत अशा सात बायका बदलल्या. सातवी एका सकाळी 'गावाकडं मयत झालंय' म्हणून गेली ती आलीच नाही. तेव्हा मग संस्था शोधायला लागले.

ही पहिली संस्था मी वीस मिनिटांत पसंत केली होती. स्वच्छ फरशी, अंगणात तुळस, हॉलमध्ये मोठा टीव्ही, मोबाइलवर कॅमेऱ्याची लिंक. संचालक बोलायला मृदू. महिना अडतीस हजार, डायपर आणि औषधं वेगळी, तीन महिन्यांचं डिपॉझिट. भावाने टोरांटोहून कॅमेऱ्यात पाहून 'छान आहे गं' म्हटलं. आम्ही दोघांनी मिळून जे पाहिलं त्यात रात्र नव्हतीच.

जखम निघाल्यावर मी दुसरी जागा शोधायला निघाले आणि या वेळी वही घेऊन निघाले. धायरीपासून वाघोलीपर्यंत, पिरंगुटपासून आळंदी रस्त्यापर्यंत दोन महिन्यांत अकरा ठिकाणं पाहिली. काही ठिकाणी दोनदा गेले. नावं लिहिणार नाही. नावांत फार काही नाहीही, बहुतेकांच्या पाट्यांवर माया, सावली आणि ऊब यांचीच फिरवाफिरव असते.

आधी शब्दाचा घोळ. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलं की डोळ्यापुढे येतं ते दहा-पंधरा खाटांचं, बाळंतपणं आणि हर्नियाची ऑपरेशनं करणारं डॉक्टरांचं छोटं हॉस्पिटल. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये त्या शब्दाचा जो अर्थ आहे, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाने उरलेले दिवस काढायची जागा, तिला मराठीत धड नाव नाही. वृद्धाश्रम म्हणावं तर त्यात टाकून दिल्याचा वास येतो. म्हणून मग 'केअर सेंटर'. या केअर सेंटरांतली पुष्कळशी भाड्याच्या बंगल्यांत असतात. मुलं परदेशी गेली, आईवडील फ्लॅटमध्ये आले, बंगला भाड्याने गेला आणि त्यात दुसऱ्यांचे आईवडील आले. २०११च्या जनगणनेत साठीपुढच्या माणसांचं प्रमाण देशात ८.६ टक्के होतं, महाराष्ट्रात ९.९. तेव्हा साठीचे असलेले आता पंचाहत्तरीत आहेत.

प्रत्येक ठिकाणी ऑफिसात भिंतीवर फ्रेमा होत्या, त्या मी आता वाचू लागले. कुठे धर्मादाय आयुक्तांकडचं ट्रस्टचं नोंदणीपत्र, कुठे नुसता शॉप ॲक्ट, कुठे एखाद्या पुढाऱ्याच्या हस्ते घेतलेला 'सेवारत्न' पुरस्कार. शॉप ॲक्टचा कागद हा किराणा दुकानालाही मिळतो. ट्रस्टच्या नोंदणीवरून हिशेब द्यावे लागतात एवढं कळतं, खाटेवरच्या माणसाचं काय होतं ते कळत नाही.

खरं तर लागू पडावा असा कायदा जुनाच आहे. १९४९चा, शुश्रूषागृह नोंदणीचा. त्यातली शुश्रूषागृहाची व्याख्या बघण्यासारखी आहे: आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्या माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा करण्याची जागा. 'दुर्बलता' हा शब्द पंचाहत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी विचार करूनच घातला असणार. शिकलेल्या परिचारिकांचं योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारता येते, हेही त्यात आहे. २०२१मध्ये नियम सुधारले, रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. अकरापैकी दोन ठिकाणी या कायद्याखालचं नोंदणीपत्र भिंतीवर होतं. बाकीच्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं: 'आम्ही हॉस्पिटल नाही हो, आम्ही फक्त सांभाळतो.' आणि त्याच खोलीत तीन जणांच्या नाकात नळी, पाच जणांना लघवीची पिशवी, एकीला दिवसातून चारदा इन्सुलिन.

ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७चा कायदा लोकांना माहीत आहे तो मुलांकडून निर्वाह मागण्यासाठी. त्याच्या एकोणिसाव्या कलमात दर जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची गोष्ट आहे, पण ती सरकारने उभारण्याबद्दल. अशा खासगी केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ते मंजूर न होताच ती लोकसभा संपली आणि विधेयक तिच्याबरोबर गेलं. तर तपासणारं कुणी येईल या आशेवर राहण्यात अर्थ नव्हता. वहीच कामाची होती.

वहीतला पहिला प्रश्न एका परिचित डॉक्टरांनी दिला. ते वृद्धांचेच रुग्ण बघतात. म्हणाले, 'खोली बघू नका, जेवणाचं विचारू नका. एवढंच विचारा, रात्री दोन वाजता किती जण जागे असतात? ड्युटीवर किती असं नाही विचारायचं, जागे किती?'

आता हे गणित आत्याच्या पद्धतीने मांडून बघू. काळ-काम-वेगाची उदाहरणं ती फळ्यावर अशीच मांडायची. आमच्या त्या पहिल्या संस्थेत चोवीस खाटा. त्यांतली पंधरा माणसं स्वतःहून कूस बदलू शकत नाहीत. ज्याला हलता येत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी वळवावं असा शुश्रूषेतला रिवाज आहे, कारण हाड आणि गादी यांच्यामध्ये चिमटलेल्या मांसाचा रक्तपुरवठा तुटतो. हवेची गादी असली तरी वळवणं सुटत नाही, ती फक्त थोडी उसंत देते. वळवायला दोन माणसं लागतात. एकीने ओढायचं ठरवलं तर चादरीवर कातडी घासते आणि तिथेच पहिली चीर पडते. मी घड्याळ लावून पाहिलं: उशा काढणं, आडव्या चादरीसकट सरकवणं, डायपर चाचपणं, गुडघ्यांमध्ये आणि पाठीशी उशी लावणं, पांघरूण. सरासरी आठ मिनिटं. ओलं असलं तर पंधरा.

पंधरा माणसं गुणिले आठ मिनिटं, एकशेवीस मिनिटं. म्हणजे रात्रीच्या दोन मावश्यांनी पहिल्या खाटेपासून सुरुवात केली की शेवटची खाट होईपर्यंत बरोबर दोन तास होतात आणि पुन्हा पहिल्या खाटेशी यायची वेळ झालेली असते. संध्याकाळी आठ ते सकाळी आठ त्यांनी एकदाही बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही, कुणी हाक मारली तर जायचं नाही, आणि पंधरांपैकी एकाचंही डायपर ओलं असता कामा नये. तरच त्या कागदावरच्या खुणा खऱ्या. हे गणित करायला मला दहा मिनिटं लागली. एकोणीस दिवस आधी केलं असतं तर!

त्या मावश्यांवर मला राग धरता येत नाही. त्यांच्यातली एक नांदेडकडची. जखमेनंतर आत्याचं सामान भरताना ती दाराशी येऊन उभी राहिली. 'ताई, रातीला आमी दोघीच असतो. मोबाइलला गजर लावतो, पण गजर वाजून बंद होतो अन् कळत बी नाही. दिवसाची पाळी करून रातच्याला बी थांबलेली असते मी.' पहिल्या महिन्याचा अर्धा पगार ब्युरोने कमिशन म्हणून कापलेला. राहायला जागा म्हणजे त्याच हॉलमध्ये दोन खाटांच्या मधली फरशी. मी तिला विचारलं, कूस बदलायला कुणी शिकवलं? ती हसली. 'शिकवायचं काय त्यात? सासूला सात वर्षं केलंय.' दोष द्यायचा तर चोवीस खाटांचे पैसे घेऊन दोन मावश्या ठेवणाऱ्याला द्यायला हवा. आणि न मोजता पैसे देणाऱ्या मलाही.

'सिस्टर' या शब्दाबद्दलही सावध झाले. पांढरा कोट घातलेली प्रत्येक बाई संस्थेच्या तोंडी सिस्टर असते. एएनएम म्हणजे दोन वर्षांचं शिक्षण, जीएनएम म्हणजे तीन, बीएस्सी नर्सिंग म्हणजे चार, आणि यांपैकी कुठलंही असलं तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो क्रमांक विचारला की संभाषणाचा सूर बदलतो. एका ठिकाणी संचालकबाई म्हणाल्या, 'तुम्ही फार टेक्निकल विचारताय, आमच्याकडे घरगुती वातावरण आहे.' घरगुती वातावरण हा शब्द अकरापैकी नऊ ठिकाणी ऐकला. इन्सुलिनचा डोस चुकला तर वातावरणाने साखर आटोक्यात येत नाही.

आणखी एक गोष्ट मागायला शिकले, ती म्हणजे मस्टर. गेल्या महिन्याचा हजेरीपट. हे मला अमेरिकेच्या अनुभवावरून सुचलं. तिथे १९८७च्या कायद्यापासून नर्सिंग होमची नियमित तपासणी होते आणि २००८पासून एक ते पाच तारे दिले जातात, कुणालाही ते घरबसल्या पाहता येतात. आपल्याकडचे कितीतरी लोक तिथे बसून इथल्या संस्थांना तसेच तारे शोधतात. पण त्या ताऱ्यांतला मनुष्यबळाचा आकडा सुरुवातीला संस्था स्वतःच भरून देत असत, आणि तपासणीच्या दिवसांत माणसं वाढत. २०१८पासून तो आकडा पगारपत्रकावरून घेऊ लागले, तेव्हा कित्येकांचे तारे गळाले. एप्रिल २०२४मध्ये तिथल्या सरकारने नियम केला की दर रुग्णामागे दिवसाला किमान ३.४८ तासांची प्रत्यक्ष शुश्रूषा हवी, म्हणजे सुमारे साडेतीन तास. वर्षभरात टेक्सासच्या एका संघीय न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. संस्थांचं म्हणणं, एवढ्या नर्सेस आणायच्या कुठून? ते तसं खोटंही नाही.

मला त्या ३.४८चा उपयोग झाला तो मोजपट्टी म्हणून. पहिल्या संस्थेत दिवसा चार मावश्या होत्या, पण त्यांतली एक स्वयंपाकघरात आणि एक फरशी-भांड्यांवर. उरल्या दोन, रात्रीच्या दोन, बारा-बारा तासांच्या. दहा ते सहा येणारी सिस्टर धरली तरी एकूण छप्पन्न तास, भागिले चोवीस. दोन तास वीस मिनिटं. संस्थेच्या माहितीपत्रकात 'चोवीस तास वैयक्तिक देखभाल' असं छापलं होतं.

मस्टर दाखवा म्हटल्यावर अकरापैकी तिघांनी दाखवलं. एका ठिकाणी पान उलटताना दिसलं की रात्रपाळीच्या रकान्यात महिनाभर एकच नाव आहे. मालक ओशाळले नाहीत, म्हणाले, 'माणसं टिकत नाहीत हो. गेल्या दिवाळीला चौघी एकदम गेल्या, मी आणि बायको रात्रभर होतो.' या माणसाबद्दल मला आदर वाटला, पण आत्याला तिथे ठेवलं नाही.

जेवणाकडे सगळे बघतात, पण ताटात काय आहे एवढंच. भरवतं कोण आणि किती वेळ, ते बघण्यासारखं असतं. आत्याला वरणभाताची एक वाटी संपवायला पंचवीस मिनिटं लागतात. घास तोंडात फिरवत बसते, मध्येच गिळायचं विसरते. तिच्यासारखे दहा जण आणि भरवायला दोघी असतील, तर जेवणाला दोन तास लागायला हवेत. एका ठिकाणी पाऊण तासात सगळं उरकलं. पोळी, भाजी, वरण, भात, सगळं मिक्सरमधून काढून एका करड्या लापशीत, आणि ती लापशी मोठ्या चमच्याने, खाटेचं डोकं अर्धवट वर केलेलं असताना. मान मागे, तोंड वर. असं भरवलेलं पोटात जातं तसं फुप्फुसातही जातं, आणि मग 'म्हातारपणाचा न्यूमोनिया' होतो. ताठ बसवून भरवावं, नंतरही अर्धा तास बसतं ठेवावं, एवढीच साधी गोष्ट आहे. पण अर्धा तास बसतं ठेवायला त्या माणसाकडे कुणाचं तरी लक्ष असावं लागतं. ते नसलं की नाकातली नळी सोयीची होते. एका ठिकाणी नळ्या जास्त दिसल्या तर रुग्णच तसे आहेत की हात कमी आहेत, हे विचारायला हवं. मी विचारलं. उत्तर मिळालं नाही.

नळी आली की हात बांधणं आलं. खाटेच्या कठड्याला गॉजपट्टीने किंवा जुन्या ओढणीने मनगट बांधलेली माणसं मी चार ठिकाणी पाहिली. 'बांधता का?' या प्रश्नाला सात जणांनी 'छे, कधीच नाही' म्हटलं, त्यांतल्या दोघांकडे बांधलेली माणसं समोर होती. एकीने सांगितलं, 'हो, बांधतो. रात्री दोन-तीन वेळा. नळी ओढली की रक्त येतं. पण लिहितो कधी बांधलं, कधी सोडलं ते.' आणि वही काढून दाखवली. माणसाला बांधणं वाईटच आहे, त्यावर वाद नाही. तरी मला त्या वहीने धीर दिला. ऑगस्ट २००१मध्ये तामिळनाडूत एरवाडीला साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून गेले, त्या साखळ्या कुठल्या वहीत लिहिलेल्या नव्हत्या.

गोळ्यांनी बांधणं दिसत नाही. सकाळी अकरा वाजता गेलात आणि हॉलमधली वीसच्या वीस माणसं झोपलेली असली, तर शांतता बघून भारावून जाऊ नये. विसराच्या आजारातल्या वृद्धांना शांत ठेवण्यासाठी मनोविकारावरची औषधं देतात. त्यांनी अशा रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५मध्येच दिलेला आहे. कधी ती द्यावीच लागतात, हे माझ्या डॉक्टर परिचितांनीही मान्य केलं. प्रश्न एवढाच की ती कुणी लिहून दिली आणि शेवटचं कधी तपासलं. पहिल्या संस्थेतून आत्याचा औषधांचा डबा परत घेतला तेव्हा त्यात एक पट्टी अशी होती जी तिच्या कुठल्याच चिठ्ठीवर नव्हती.

आगीबद्दल विचारायला मला लाज वाटायची, जणू अभद्र बोलतेय. जानेवारी २०२१मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं गेली. १ जानेवारी २०२३च्या पहाटे दिल्लीच्या ग्रेटर कैलाशमध्ये वृद्धांच्या केंद्राला आग लागली, दोन म्हाताऱ्या बायका गेल्या. ज्यांना उठून पळता येत नाही त्यांच्या इमारतींबद्दल अभद्र बोलावंच लागतं. राज्याच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे फॉर्म बी म्हणतात, वर्षातून दोनदा द्यायचं असतं, जानेवारीत आणि जुलैत. ते बघायला मागावं. त्याहून सोपा प्रश्न किल्लीचा. विसर पडलेली माणसं बाहेर भटकू नयेत म्हणून दाराला कुलूप असतं, ते गरजेचंही असतं. रात्री त्याची किल्ली कुणाकडे? एका ठिकाणी उत्तर मिळालं, 'सरांकडे, समोरच्या सोसायटीत राहतात.' बंगल्याच्या वरच्या मजल्यावर अकरा जण होते, जिना हातभर रुंदीचा आणि खिडक्यांना चोरांच्या भीतीने बसवलेल्या भक्कम जाळ्या.

या दोन महिन्यांत मी बघायला आलेली इतर कुटुंबंही पाहिली. आम्ही सगळे सारखेच. मुलगा एसी आहे का विचारतो, सून संडास बघते, परदेशातली मुलगी व्हिडिओ कॉलवर भिंतींचा रंग बघते. सगळ्यांच्या पोटात एकच गोष्ट असते, की आपण आईला इथे टाकून चाललोय असं वाटू नये. आणि चांगला विक्रेता हे ओळखून असतो. तुळस त्यासाठी असते. कॅमेऱ्याची लिंकही त्यासाठीच. पहिल्या संस्थेतल्या कॅमेऱ्यात आत्या रोज दिसायची. पांघरुणाखाली काय चाललंय ते कॅमेऱ्याला कसं दिसणार? उलट कपडे बदलताना ती चार खंडांतल्या नातेवाइकांना दिसत होती, हे तिला कळलं असतं तर तिने आम्हाला अंगठे धरून उभं केलं असतं.

नववी जागा शहराबाहेर, पुढे पत्र्याची शेड, भिंतीचे पोपडे निघालेले. सोळा खाटा, सगळ्या तळमजल्यावर. चालवणाऱ्या बाई सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका. त्यांनी मला संस्था दाखवलीच नाही. म्हणाल्या, 'आधी मी पेशंट बघते, मग हो-नाही सांगते. माझ्याकडे जमण्यासारखं नसेल तर पैसे घेऊन काय करू?' दुसऱ्या दिवशी आल्या. आत्याची जखम उघडली, पट्टीने मोजली, तीन सेंटिमीटर बाय दोन, फोटो काढला, कागदावर लिहून माझी सही घेतली. 'आमच्याकडे आल्यावर झाली असं नंतर म्हणायचं नाही.' मग टाचा बघितल्या. डाव्या टाचेवर लालसर छटा होती. बोट दाबून सोडलं, म्हणाल्या, 'बघा, दाबल्यावर पांढरं पडत नाही. ही पुढची जखम आहे. सावळ्या कातडीवर हे दिसतही नाही पटकन, हात लावून बघावं लागतं. गरम लागतं, घट्ट लागतं.' पोटरीखाली उशी सरकवून टाच अधांतरी केली. चाळीस सेकंदांचं काम. एकोणीस दिवसांत ते कुणी केलं नव्हतं, मीही नाही.

मग त्यांनी मला प्रश्न विचारले. झोपते कुठल्या कुशीवर? चष्मा कुठे आहे? कानाचं यंत्र? दात? घरी काय म्हणून हाक मारता? मी म्हटलं, आम्ही आत्या म्हणतो, शाळेत सगळे बाई म्हणायचे. पहिल्या संस्थेत ती सगळ्यांसारखी 'आजी' होती आणि हाकेला ओ देत नव्हती. 'ऐकू येत नाही' असं तिच्या कागदावर लिहून टाकलं होतं.

तिथेही सगळं गोड नाही. जेवण बेचव असतं. पावसाळ्यात शेडमधून पाणी आत येतं. एकदा आत्याचे दात दुसऱ्या बाईंच्या तोंडात सापडले. फी दोन हजारांनी जास्त आहे. आणि जखम भरायला साडेतीन महिने लागले. मधे एकदा ताप चढून हॉस्पिटलात न्यावं लागलं, तेव्हा नेण्याचा निर्णय घ्यायला कुणाला फोन करायचा हे आधी लिहून घेतलेलं होतं म्हणून रात्रीचे दोन तास वाचले.

एवढं सगळं झाल्यावरही मनातला तो प्रश्न जाईना. मी बाईंना सरळ विचारलं, रात्री येऊन बघू का? इतर ठिकाणी भेटीची वेळ चार ते सहा, रात्रीचं नाव काढलं की 'रुग्णांना त्रास होतो'. त्या म्हणाल्या, 'या की. फक्त बेल वाजवू नका, फोन करा.'

गेले. सव्वाला पोचले. फाटक उघडायला आलेल्या मुलीच्या कमरेला किल्ली होती. आत झिरो बल्बचा उजेड, कुणीतरी पुटपुटतंय, कुणीतरी घोरतंय, डेटॉल आणि लघवी दोन्हींचा वास. दोन मावश्या सहाव्या खाटेशी होत्या. मी भिंतीला टेकून उभी राहिले. आठव्या खाटेवर आत्या. एकीने डोक्याकडची आडव्या चादरीची टोकं धरली, दुसरीने कमरेकडची.

'बाई, कूस बदलायची.'

'आत्ताच तर बदललीस.' आत्याचा आवाज जाडसर, झोपेतला.

'दोन तास झाले, बाई.'

'किती वाजले?'

'दोनला आठ कमी.'

आत्याने यावर थोडा विचार केला असावा. मग मान त्यांच्या बाजूला कलती केली, जणू परवानगी दिली. एक, दोन, तीन. चादरीसकट ती डावीकडे आली. पाठीशी उशी, गुडघ्यांत उशी, टाच अधांतरी. धाकट्या मावशीने कानावर अडकवलेलं पेन काढून पॅडवर लिहिलं.

त्या निघून गेल्यावर मी मोबाइलचा उजेड धरून तो कागद वाचला. दहा वाजून पाच, उजवी. अकरा बावन्न, उताणी. एक बावन्न, डावी. वर आदल्या रात्रीच्या ओळी होत्या, दोन वेगवेगळ्या अक्षरांतल्या, आणि त्यात एका ठिकाणी रकाना रिकामा होता. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: साडेतीनची राहिली, सात नंबरला उलटी झाली.